वहिनींचं ‘लुक आफ्टर’

रुक्मिनचा फोन आला तेव्हा मी बीडच्या घरी ऑफिसला निघायच्या बेतात होतो. रुक्मिन म्हणजे गावाकडची आमच्या वहिनींची शेजारीण. ती कधी सकाळी फोन करत नाही, म्हणून नाव बघताच मी खुर्चीवर बसलो. “भाऊ, काकू गेल्या,” ती म्हणाली. “झोपंतच. मी च्या घेऊन गेलते, हाका मारल्या...” आणि थांबली. मग तिनं नाक ओढलं आणि म्हणाली, “सगळ्याच्या चाव्या देऊन झाल्यात बरं का. एकाची बी राहिली न्हाई.” माणूस गेल्याची बातमी सांगताना कुणी चाव्यांचं सांगत नाही. पण तिनं ते सांगितलं, आणि मला खरं सांगायचं तर रडू नंतर आलं. आधी छातीतून एक लांब श्वास सुटला. सगळ्यांच्या चाव्या दिल्या होत्या. म्हणजे वहिनी मोकळ्या होऊन गेल्या होत्या.

वाचकांना याचा अर्थ लागावा म्हणून थोडं मागचं सांगतो. गयावहिनी माझ्या थोरल्या भावाच्या पत्नी. आमचं गाव दिंद्रुडच्या बाजूला, फार मोठं नाही. दसरा झाला की निम्म्याहून जास्त घरं ऊसतोडीला जातात आणि गुढीपाडव्याच्या आगेमागे परत येतात. नेमकी किती घरं, हे मी कधी मोजलेलं नाही, म्हणून आकडा सांगत नाही. दादा आणि वहिनीही कित्येक वर्षं जात होते. दादा गेल्यावर वहिनींनी कोयता खाली ठेवला आणि गावातच राहिल्या. त्या वर्षी रुक्मिन टोळीबरोबर निघताना सहज म्हणाली, काकू, चावी ठेवा तुमच्यापाशी, वाटेत हरवंल. वहिनींनी ती दाराच्या आतल्या खिळ्याला अडकवली. पुढच्या वर्षी दुसऱ्या दोघी-तिघींनी दिली, मग आख्ख्या आळीनं. हळूहळू तो रिवाजच झाला. ट्रॅक्टर उभा असायचा, मुकादम घाई करत असायचा, आणि बाया एकेक करून वहिनींच्या दारात येऊन चावी देऊन जायच्या.

चावी नुसती ठेवायची असती तर एवढं लिहिण्यासारखं काही नव्हतं. वहिनी दर आठवड्याला ती घरं उघडायच्या, झाडायच्या, जरा वारं लागू द्यायच्या, अंगणात सडा टाकायच्या आणि पुन्हा कुलूप लावायच्या. दिवाळीला प्रत्येक बंद दारापुढं एक पणती. मी एकदा विचारलं, वहिनी, घरात माणूस नाही, सडा कुणासाठी? त्या म्हणाल्या, “भावजी, आमी जात हुतो तवा एका साली परत आले तर उंबऱ्यात वाळकी पानं, आतमधी जाळी, चुलीत मांजरीनं पिलं घातलेली. सोताच्याच घरात परक्यावानी शिरले बघा. घराला लई लवकर कळतं, आपल्याला सोडून दिलं म्हणून. त्याला कळू द्यायचं न्हाई.” मी हिशेबाच्या कामात आयुष्य काढलेला माणूस. मला घराला काही कळतं यावर विश्वास ठेवणं जड गेलं. पण पाडव्याला परत आलेल्या बायांची तोंडं मी पाहिली आहेत. कुलूप काढून आत जाताना त्यांच्या चेहऱ्यावर जे असायचं, त्यावर मात्र विश्वास ठेवावा लागला.

वहिनींचा मुलगा दत्ता डिप्लोमा करून कोइम्बतूरला कारखान्यात लागला आणि तिथल्याच मुलीशी त्यानं लग्न केलं. तिचं नाव मलर. ती नर्स आहे. वहिनी तिला पहिल्या दिवसापासून ‘मालन’ म्हणायच्या, कारण आमच्याकडं मालन नावाच्या बाया बऱ्याच, आणि तिनंही ते नाव हसून घेतलं. अडचण बोलण्याची होती. मलरला मराठी येत नव्हती, हिंदी जवळजवळ नाही. वहिनींना तमिळचा एक शब्द माहीत नव्हता. दोघींच्या मधे राहिली ती इंग्रजी, आणि वहिनी चौथीत शाळा सोडलेल्या. तरी रविवारी व्हिडिओवर फोन व्हायचा. दत्ता मधे बसून सांगायचा, पण तो ड्युटीवर असला की दोघी एकमेकींकडं बघत बसायच्या, आपापल्या भाषेत काहीतरी म्हणायच्या आणि हसायच्या.

असाच एकदा मी गावाकडं गेलो होतो. वहिनींनी चहा पुढं ठेवला आणि म्हणाल्या, “भावजी, ही मालन फोनवर सारखं एकच म्हणायली. लुक आफ्टर, लुक आफ्टर. म्हंजी काय ओ?”

मी सरळ माणसासारखं फोड करून सांगितलं. लुक म्हणजे बघणं, आफ्टर म्हणजे नंतर.

“म्हंजी नंतर बघू?” वहिनींनी डोळे बारीक केले. “तलाठी म्हणतो तसं?”

मला हसू आवरेना. त्या पण हसल्या, पण प्रश्न सोडला नाही. मी मोबाईलवर अर्थ काढला. सांभाळणे, काळजी घेणे, देखभाल करणे. मला ते पटायला वेळ लागला, कारण दोन शब्दांची बेरीज तिसऱ्याच ठिकाणी जात होती, आणि बेरीज चुकली की मला चैन पडत नाही. वहिनींना बेरजेचं काही नव्हतं. त्यांना वापर पाहिजे होता. “ती कशाकशाला म्हणती ते बघा,” त्या म्हणाल्या. मग आम्ही दोघांनी आठवून आठवून जमवलं. मलरनं हा शब्द त्यांच्या कुत्र्यासाठी वापरला होता. बाल्कनीतल्या कुंड्यांसाठी वापरला होता. दवाखान्यातल्या पेशंटसाठी. आणि ‘अम्मा, आय विल लुक आफ्टर यू’ असं वहिनींसाठीही.

“कुत्र्याला बी तेच आन सासूला बी तेच?” वहिनी म्हणाल्या. “लई सोपी भाषा हाय की. आपल्यात बघा, जनावर राखायचं, लेकरू सांभाळायचं, म्हाताऱ्याचं करायचं, दुकान बघायचं. दर एकाला येगळं.” आणि थोडं थांबून, “पर काम तर एकच हाय म्हणा. माणूस ऱ्हात न्हाई तितं, त्याच्या मागं आपण बघायचं.” लुक म्हणजे बघणं आणि आफ्टर म्हणजे माणूस गेल्यावर मागं, असं त्यांनी स्वतःच बसवून घेतलं. मी व्याकरणाच्या पुस्तकाशी ताडून पाहिलं नाही. मला ती फोड माझ्या फोडीपेक्षा बरी वाटली.

त्यानंतर तो शब्द त्यांनी सोडलाच नाही. एकच शब्द, पण पुरवून पुरवून वापरायच्या. मलर फोन ठेवताना ‘लुक आफ्टर युवरसेल्फ’ म्हणायची, ते मात्र त्यांना आवडलं नव्हतं. “सोताचं सोता बघा? कुणी बघणारं न्हाई त्याला म्हणत्यात ते,” असं त्यांचं म्हणणं. मी समजावलं की तिकडं ती निरोपाची रीत आहे, प्रेमानंच म्हणतात. त्यांनी ऐकून घेतलं, पण उलट निरोप देताना शेवटचा शब्द कापून टाकला. त्या मलरला नुसतं ‘लुक आफ्टर’ म्हणायच्या आणि फोन ठेवायच्या. कुणाला, कशाला, ते नाही.

मग एका पौषात वहिनी अंगणात चक्कर येऊन पडल्या. गाव रिकामं होतं. किराणा दुकानदारानं बघितलं, रिक्षात घालून माजलगावला नेलं, मला फोन केला. मी पोचेपर्यंत त्या शुद्धीवर होत्या आणि नर्सला घराचं दार लोटलंय का ते विचारत होत्या. डॉक्टर म्हणाले हृदय अशक्त आहे, औषधं कायमची, एकटं ठेवू नका. दुसऱ्याच दिवशी दत्ता आला आणि दवाखान्यातूनच त्यांना घेऊन कोइम्बतूरला गेला. मी त्याच्याच बाजूचा होतो. इकडं एकटी बाई, तिकडं मुलगा, सून, सून पुन्हा नर्स, दवाखाना जवळ. कुठल्याही बाजूनं मांडलं तरी उत्तर एकच येत होतं. दत्ता मला बसस्टँडवर म्हणाला, “नाना, मायला आता परत पाठवणार न्हाई. लोक काय म्हणत्याल, पोरगा असून माय एकटी मेली.” मी मान हलवली.

चाव्या माझ्या किंवा दत्ताच्या लक्षातच आल्या नाहीत. वहिनींनी शुद्धीवर आल्यावर दुकानदाराकडून घराला कुलूप लावून घेतलं, आणि खिळ्यावरचा सगळा जुडगा पिशवीत टाकून दवाखान्यात मागवून घेतला. त्यांच्या दृष्टीनं घर उघडं टाकून चाव्या मागं ठेवणं शक्यच नव्हतं. दत्तानं ती पिशवी तशीच उचलली. अशा रीतीनं आमच्या आळीतल्या सगळ्या बंद घरांच्या चाव्या रेल्वेनं कोइम्बतूरला गेल्या, आणि ज्यांची घरं ते साताऱ्याच्या, सांगलीच्या बाजूला उसाच्या फडात होते.

पुढचं मी पाहिलेलं नाही. दत्तानं सांगितलं आणि वहिनींनी सांगितलं, त्यातलं जुळतं तेवढंच लिहितो. तिथं त्यांना काही कमी नव्हतं. पण पिशवीतला जुडगा बाहेर काढला त्या दिवसापासून त्यांचा जीव लागेना. पाडवा जवळ येत होता. माणसं येतील आणि दारात उभी राहतील. दत्ता म्हणाला, कुलपं तोडून घेतील, नवीन मी देतो. त्या चाव्या पुन्हा पिशवीत भरू लागल्या. मी फोनवर कुरिअरनं पाठवायचं सुचवलं, व्यवस्थित पाकीट करून, प्रत्येक चावीला नाव लावून. वहिनी म्हणाल्या, “भावजी, एखादीचं लेकरू तुमच्यापाशी ठेवलं तर ते बी पाकिटात घालून धाडचाल का?” मी कुरिअरचा विषय पुन्हा काढला नाही.

एका दुपारी दत्ता कामावर होता. वहिनी फरशीवर बसून चाव्या पुसत होत्या. मलर ड्युटीवरून आली, शेजारी बसली आणि विचारलं, अम्मा, या कुणाच्या? आता वहिनींपाशी शब्द किती, तर चार-पाच. त्यांनी एक चावी उचलली आणि म्हणाल्या, “रुक्मिन. गो. ऊस.” आणि हातानं कोयता चालवून दाखवला. चावी खाली ठेवली. दुसरी उचलली. “सरूबाई. गो. ऊस.” असं करत सगळ्या चाव्या मांडल्या, फरशीवर ओळीनं, गावात घरं आहेत तशा, मधे रस्त्याची जागा सोडून. मग हात छातीला लावला आणि म्हणाल्या, “आय लुक आफ्टर.” नंतर आजूबाजूला त्या फ्लॅटकडं बघून, “हियर... नो लुक आफ्टर.”

दत्तानं मला सांगितलं की मलरचे आईवडील चहाच्या मळ्यात कामाला होते, आणि ती शेजारच्या एका बाईपाशी वाढली. ती बाई तिची कुणीच नव्हती. हे त्यालाही तोवर नीट माहीत नव्हतं, त्या संध्याकाळी पहिल्यांदा ती सविस्तर बोलली. आणि शेवटी म्हणाली, तुझी आई तिथं एकटी राहत नाही, ती तिथं ड्युटीवर असते. आणि ड्युटी अर्धी टाकून आलेल्या माणसाला आराम कसा मिळेल?

दत्तानं वाद घातला. लोकांचं सांगितलं, डॉक्टरांचं सांगितलं. मलर म्हणाली, डॉक्टर म्हणाले एकटं ठेवू नका, घरात कोंडून ठेवा असं नाही म्हणाले. तिनं रजा काढली आणि पाडव्याच्या आधी ती स्वतः वहिनींना घेऊन आली. दोघी गाड्या बदलत आल्या, वाटेत काय बोलल्या असतील देव जाणे. मी दिंद्रुडला उतरवून घ्यायला गेलो तर वहिनी आधी उतरल्या, पिशवी पोटाशी धरून, आणि मला म्हणाल्या, “कावून आलात उन्हाचं? आमी दोघी हाव की.” त्या संध्याकाळी त्यांनी मलरला बरोबर घेऊन सगळी घरं उघडली. दोन महिन्यांची धूळ होती. सासू दम लागला की उंबऱ्यावर बसायची आणि सून झाडायची. पाडव्याला ट्रॅक्टर आले तेव्हा आळीत एकाही दारापुढं पान पडलेलं नव्हतं. मध्यंतरी वहिनी गावात नव्हत्या, हे रुक्मिनला दुकानदारानं सांगितलं तेव्हा कळलं.

तिथून पुढं ठरून गेलं. पावसाळ्यात माणसं गावात असतात तेव्हा वहिनी कोइम्बतूरला, दसऱ्याच्या आधी परत गावाला. गोळ्यांचं मलरनं पक्कं करून दिलं. दुकानदार रोज सकाळी दार वाजवायचा, गावातली आशा कार्यकर्ती येऊन रक्तदाब बघायची, आणि संध्याकाळी मलरचा फोन. माझी भीती पूर्ण गेली नव्हती. दर खेपेला वाटायचं, आपण चूक तर करत नाही? पण वहिनींचा आवाज ऐकला की ती भीती निम्मी व्हायची.

त्या वर्षी दिवाळीला दत्ता आणि मलर गावाला आले, मीही बायकोला घेऊन गेलो. तिन्हीसांजेला वहिनी पणत्यांचं ताट घेऊन निघाल्या, मलर वाती लावत होती आणि दत्ता तेलाची किटली घेऊन मागून चालत होता. एकेका बंद दारापुढं थांबायचं, पणती ठेवायची, पुढं जायचं. आळीच्या टोकाला पोचून दत्तानं मागं वळून बघितलं. सगळी कुलूपबंद घरं आणि प्रत्येकापुढं उजेड. “नाना,” तो मला म्हणाला, “ल्हानपणी दिवाळीला मी फडावर असायचो. पाचटाच्या झोपडीत, कोपीत. मागं आपलं गाव कसं दिसतं, मला ठावंच नव्हतं. मला वाटायचं आपण गेलो की गाव इझून जातं.” वहिनींनी ऐकलं की नाही, सांगता येत नाही. त्या फक्त म्हणाल्या, “त्याल सांडू नको बे, जपून धर.” त्यानंतर दत्तानं ‘परत पाठवणार नाही’ हे शब्द काढल्याचं मला आठवत नाही.

वहिनी यंदाच्या चैत्रात गेल्या. पाडवा होऊन पंधरवडा झाला असेल. शेवटची चावी सरूबाईची होती. त्यांची टोळी यंदा उशिरा सुटली. ती चावी देऊन झाल्यावर वहिनी रुक्मिनला म्हणाल्या होत्या, आता वर्साचं काम फिटलं. दोन दिवसांनी सकाळी रुक्मिन चहा घेऊन गेली. दत्ता आणि मलर विमानानं आणि पुढं गाडी करून रात्रीपर्यंत पोचले. दत्ता रडला, पण मला त्याच्याविषयी जी काळजी होती, की हा आता स्वतःला दोष देत बसेल, तसं झालं नाही. तो मला म्हणाला, “माय एकटी न्हाई मेली, नाना. आख्खी आळी परत आली हुती.” हे वाक्य त्यानं स्वतः काढलं, आणि माझ्या मनातलं मोठं ओझं उतरलं. आमची बेरीज त्या वेळी बरोबर होती की वहिनींची, हा प्रश्न मी आता मांडत नाही.

चौदाव्यानंतर दोघांना परत जायचं होतं. घर आवरलं, कुलूप लावलं. दत्ता चावी माझ्याकडं देऊ लागला, मी हात पुढं केला, पण मलरनं ती त्याच्या हातातून घेतली आणि शेजारच्या दारात गेली. रुक्मिन तांदूळ निवडत बसली होती. मलरनं चावी तिच्या हातावर ठेवली, तिची बोटं मिटवली आणि म्हणाली, “लुक आफ्टर.” रुक्मिनला इंग्रजी येत नाही. तिनं मुठीकडं बघितलं, मग मलरकडं, आणि म्हणाली, “हाव बाई. बघते की मागं.” त्या दोन शब्दांचा अर्थ तिला कुणी शिकवला, की शिकवायची गरजच पडली नाही, मला ठाऊक नाही. मला राहवेना, मी विचारलं, आणि दसऱ्याला तू गेल्यावर? ती म्हणाली, “न्हाई जात औंदा, भाऊ. गुडघं गेलेत. पोरगा आन सून जात्याल. बाकीच्या बायांनी आत्ताच सांगून ठेवलंय, चाव्या तुझ्यापाशी देऊ म्हणून.”

परवाच्या रविवारी मी गावाकडं गेलो होतो, काही काम नव्हतं. वहिनींच्या घराला कुलूप होतं. रुक्मिनच्या उघड्या दाराच्या आत नवा खिळा ठोकलेला दिसला, त्यावर सध्या एकच चावी आहे. रुक्मिन जवळच कुठं बाहेर गेली होती. मी वहिनींच्या ओट्यावर थोडा वेळ बसलो. अंगण झाडलेलं होतं आणि सडा अजून ओला होता.